मन आणि म्हैस यांच्या मधलं बाळापूर

पहिल्या दरवाज्यात तुम्ही पाऊल टाकता तेव्हा नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू असतो. अकोल्याहून २६ किलोमीटर एसटीनं आलात, खिडकीतून येणाऱ्या झळांनी ओठ सुकले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि ऊन लागू नये म्हणून निघताना आजीनं आग्रहानं खिशात घातलेला कांदा अजून तसाच. दरवाज्याच्या बोळात सावली आहे. विटांना हात लावून पाहा: बाहेरची भिंत तव्यासारखी तापलेली, इथली निवलेली. अकोल्याचा पारा कधीकाळी ४७ अंशांवर गेल्याच्या नोंदी आहेत. ज्यांनी हा किल्ला बांधला, त्यांनाही असंच ऊन सोसावं लागलं असणार.

दुसऱ्या दरवाज्यात १७५७ साल लागतं.

चुन्याची घाणी फिरते आहे. बैल गोल गोल चालतोय, दगडी चाक चरातला चुना मळतंय. म्हशीच्या पाठीवरची पखाल उतरवून पाणक्या त्यात पाणी ओततो आणि लगेच परत फिरतो. पाण्याचा ओघ तुटला तर काम थांबतं, म्हणून उतारावरून पखाली घेतलेल्या म्हशींची रांग सारखी ये-जा करते. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं सुरू केलेला हा किल्ला अचलपूरचा नवाब इस्माईल खान आता पुरा करतोय. मधे पन्नासावर वर्षं गेली. आझमशहा वारला, त्याच्या बापाची बादशाही खिळखिळी झाली, वऱ्हाड निजामाकडे गेलं. तरी ज्याच्या हाती हा मुलूख आला, त्याला हीच जागा पुरी करावीशी वाटली. का, ते अजून थोडं वर चढल्यावर कळेल.

"बाजूला व्हा ना बावाजी, ईट पडन डोक्यात," वरून एक गवंडी ओरडतो. तुम्ही सरकता. तिसरा दरवाजा ओलांडून आतल्या तटावर येता.

आतला, सगळ्यात उंच कोट पंचकोनी आहे, पाचही कोपऱ्यांवर बुरूज. त्याला बाहेरून वेढणारा ठेंगणा तट दहा कोनांचा, त्याच्याही प्रत्येक कोनावर बुरूज. भिंतीभर जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली भोकं. त्यातून डोकावलात की आधी खालच्या तटाचं डोकं दिसतं, मग उतार, मग नदी. पलीकडच्या जंगीतून पाहा, तिथंही नदी. एका अंगाला मन, दुसऱ्या अंगाला म्हैस. दोघींच्या मधला उंचवटा निवडून किल्ला बांधला, त्यामुळे खंदकाचं बरंच काम नद्यांनीच केलं. पावसाळ्यात पूर चढला की एक जागा सोडून चहूकडे पाणी होतं. विटांसाठी लागणारी गाळमातीही नद्यांनी जवळच आणून टाकलेली. वऱ्हाडात सह्याद्रीसारखे कडे नाहीत. सपाट काळ्या रानात किल्ला उभा करायचा तर पाण्याचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या विद्येत बाळापूरचा किल्ला कुणाहून कमी नाही. रायगड-राजगडाच्या वाऱ्या करणारे आपण हा भुईकोट हायवेवरून नुसता पाहून पुढे जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तटाखाली बाळादेवीचं देऊळ आहे. गावाचं नाव तिच्यावरून पडलं असं सांगतात. देवळावरून खाली नदीत उतरा. साल कुठलंही असो, महिना ज्येष्ठाचा आहे, पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. एक बाई वाळूत झिरा उकरून बसलीय. वाटीवाटीनं पाणी काढते, फडक्यातून गाळून घागरीत ओतते.

"येवढ्या उन्हात काऊन फिरून राह्यले, भाऊ? बसा. पानी प्या आधी."

पाणी गोड आहे. हे सांगावं लागतं, कारण इथून पूर्णेकडे खारपाण पट्टा पसरलाय. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत विहीर खोदली तर खारट पाणी लागतं. जमीन कसदार, कपाशीला सोन्यासारखी, आणि पोटातलं पाणी मात्र पिण्याजोगं नाही. अशा मुलखात नदीचा झिरा म्हणजे काय, ते ओंजळ तोंडाला लावल्यावर कळतं. मनचं हे पाणी पुढे पूर्णेत जातं, पूर्णा तापीत, आणि तापी सुरतेला समुद्रात.

काठानं गावाच्या दक्षिणेला चला. आता १६६५-६६चा सुमार आहे. औरंगजेबाचा राजपूत सरदार मिर्झाराजा जयसिंग दख्खनच्या मोहिमेवर आहे, पुरंदरचा तह झालाय, शिवाजीराजांचे २३ किल्ले बादशहाकडे गेलेत. पुढ्यात काळ्या दगडाची छत्री उभी आहे, तिच्या बांधणीचं श्रेय मिर्झाराजालाच देतात. जवळजवळ २५ फूट लांब-रुंद, ३३ फूट उंच. खांबांवर कमानी पेललेल्या, आणि वारा खेळायला जागाच जागा. ती समाधी समजून हात जोडणारे भेटतात, पण मिर्झाराजा १६६७ साली बुऱ्हाणपुरात वारला. कमानीखाली बसून पाहा. नदीवरून येणारी झुळूक दगडाच्या गारव्यातून तुमच्यापर्यंत पोचते. राजस्थानच्या उन्हात वाढलेल्या माणसाला वऱ्हाडच्या उन्हावरचा उतारा नेमका ठाऊक होता. पुढे एका मोठ्या पुरानं छत्रीचा पाया बराच खचवला, नंतर दुरुस्ती झाली. आज तुम्ही टेकून बसलाय तो दगड त्या पुरातून वाचलाय.

मिर्झाराजाच्या मृत्यूनंतर मोगलांशी पुन्हा तह झाला आणि संभाजीराजांना वऱ्हाडात जहागीर मिळाली. स्वराज्याची माणसं वसुलीसाठी या मुलखात आली. शिवाजीराजांना आग्र्याच्या प्रवासासाठी दिलेले लाख रुपये वसूल करायला औरंगजेबानं याच जहागिरीच्या काही भागावर जप्ती आणली, आणि तह मोडायच्या कारणांत तेही एक कारण धरलं जातं.

आता १० ऑगस्ट १७२०. सावध राहा, पाय रुतेल. काळी माती भिजली की वहाण धरून ठेवते, तोफेचं चाक तर आसापर्यंत गिळते. बाळापूरजवळच्या रानात एका बाजूला निजामुल्मुल्क, म्हणजे पुढचा पहिला निजाम, दुसऱ्या बाजूला दिल्लीची सत्ता हाती ठेवणाऱ्या सय्यद बंधूंचा तरुण पुतण्या आलिमअलीखान, आणि त्याच्या मदतीला शाहू महाराजांकडून आलेलं मराठी सैन्य. आलिमअली लढता लढता पडतो. पराभूत बाजूनं लढूनही मराठ्यांचे सेनापती दाभाडे यांच्या फौजेतला एक सरदार, दमाजी गायकवाड, असा पराक्रम करतो की त्याला 'समशेर बहादूर' हा किताब मिळतो. बडोद्याच्या गायकवाडांनी तो किताब पिढ्यान्‌पिढ्या मिरवला. चारच वर्षांनी, १७२४ साली, निजामानं साखरखेर्ड्याला मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवलं आणि दख्खन त्याच्या हाती आली. ते रानही वऱ्हाडातलंच. हैदराबादच्या गादीचा पाया या काळ्या मातीत घातला गेला, हे हैदराबादकरांनाच काय, अकोलेकरांनाही कुणी सांगत नाही.

पुढची सव्वाशे वर्षं भरभर ओलांडा. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला ब्राझीलच्या पियाउई प्रांतात तेरेझिना नावाचं नवं शहर राजधानी म्हणून वसवलं जात होतं. समुद्रापासून दूर, उन्हानं पोळणारं, पार्नायबा आणि पोती या दोन नद्यांच्या मधे. जुनी राजधानी आडबाजूला पडली म्हणून कारभार मुद्दाम नदीवर आणला, कारण माल नावेनं जायचा. आपल्याकडे चाक उलटं फिरलं. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, तिचे रूळ बाळापूरच्या उत्तरेनं पारसवरून गेले, आणि अमेरिकेतल्या यादवीत जिचा भाव चढला होता ती कपाशी अकोल्याला, खामगावला जाऊ लागली. बाळापूरचे पागोटी विणणारे आणि कागद करणारे आपल्या नद्यांच्या काठी राहिले, गिऱ्हाईक रेल्वेच्या काठी गेलं. अकबराच्या काळी हाच परगणा वऱ्हाडातल्या सधन परगण्यांत मोडत होता.

तेरेझिनाच्या संगमावर आज उद्यान आहे, पाहुण्याला तिथले लोक आधी तिथं नेतात. बाळापुरातही हे होऊ शकतं, आणि त्यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. किल्ल्यापासून छत्रीपर्यंत काठानं चालता येईल अशी स्वच्छ वाट, कडेला निंबाची झाडं, एक पाणपोई, आणि नदीत सांडपाणी जाणार नाही याचा बंदोबस्त. एवढं झालं तर शेगावला जाणारी एसटी इथं तासभर थांबेल.

तोवर तुम्ही दोनदा या. एकदा नवतप्यात, सावलीची किंमत कळायला, आणि सकाळी दहाच्या आत किल्ला पाहून घ्या. दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, दोन दिवस झड लागून गेल्यावर, मन आणि म्हैस दोन्ही भरून वाहत असताना. तेव्हा थेट आतल्या तटावर चढा आणि पाणी कुठवर आलंय ते चहूकडे फिरून बघा.