दुसरा पहारेकरी

वऱ्हाडात कापूस पिकतो, संत्री पिकतात आणि नट पिकतात. पैकी पहिल्या दोहोंना बाजारभाव असतो.

ही गोष्ट मला लहानपणीच कळली, कारण आमच्या घरात एक नट होता. माझा थोरला मामा. अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये तो कारकून होता. म्हणजे दिवसा गाठी मोजायचा आणि रात्री टाळ्या. गाठींचा हिशेब रोज जुळायचा. टाळ्यांचा चाळीस वर्षांत जुळला नाही, पण मामाने वही काही मिटली नाही.

आज त्याची आठवण निघायला कारण घडलं ते लंडनचं. वऱ्हाड लंडनला निघाल्याची हकिगत लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्याने ५२ पात्रं करून सांगितली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (ते वऱ्हाड लग्नाचं. आमच्या प्रांताचा त्याच्याशी संबंध नाही, हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी तिकिटाचे पैसे परत मागितले होते.) आमच्याकडे मात्र उलटं झालं. लंडनच वऱ्हाडात आलं. माझा पुतण्या तिकडे नोकरीला असतो. काही वर्षांपूर्वी, मामा हयात असताना, तो दिवाळीला आला आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, "काका, एक जुनी मालिका दाखवतो. यातला माणूस तुम्हाला ओळखीचा वाटेल."

मालिकेचं नाव 'फिल्दी रिच अँड कॅटफ्लॅप'. १९८७ साली बीबीसीने दाखवलेली, बेन एल्टनने लिहिलेली. अवघे ६ भाग झाले आणि कारभार आटोपला. नावात तीन माणसं आहेत. रिची रिच हा नट. फिल्दी राल्फ हा त्याला कामं मिळवून देणारा, म्हणजे न देणारा, एजंट. आणि एडी कॅटफ्लॅप हा त्याचा अंगरक्षक. आता या रिचीच्या अंगाला हात लावायची इच्छा कुणालाच नसते, तेव्हा अंगरक्षक कशाला, हे विचारू नये. मोठ्या माणसाला अंगरक्षक असतो, म्हणून ज्याला अंगरक्षक आहे तो मोठा माणूस, असं रिचीचं तर्कशास्त्र आहे. अभिनयाचा पत्ता नाही, पण कीर्तीची भूक अशी की दारावर दूधवाला आला तरी यांना वाटावं, सही मागायलाच आला.

पाहता पाहता मी दचकलो. लंडनचा पोशाख आणि इंग्रजी शिव्या वगळल्या, तर हा माणूस मी ओळखत होतो. तो माझ्या शेजारी बसून चिवडा खात होता.

सांगायचा मुद्दा असा की, या बाबतीत साहेबाने नवीन काही शोधलेलं नाही. आपल्या रंगभूमीने हा माणूस फार आधीपासून पोसलेला आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तिथपासून धरा. त्या जुन्या नाटकांत गाण्याचं सगळं सूत्रधार बघायचा, भाषणं ज्याची त्याने जागच्या जागी जुळवायची. आणि राक्षसांना तर तेही नको. राळेचा भपका उडायचा, "अलल्लल्ल डुर्रर्र" अशी आरोळी ठोकत राक्षस यायचे, तलवारी फिरवायचे आणि मरायचे. ज्याला गळा नाही, रूप नाही, पाठांतर नाही, त्यालाही या धंद्यात जागा होती. माझं तर मत आहे की मराठी रंगभूमीवर अभिनयगुण नसलेल्यांची खरी अडचण १८८० साली सुरू झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं, पात्रं स्वतः गाऊ लागली, आणि नुसत्या आरोळीवर पोट भरणाऱ्यांचे दिवस फिरले.

मग ही मंडळी गेली कुठे? मामाचं उत्तर सोपं होतं. "कुठी जातील? वऱ्हाडात आली."

यात थोडं तथ्य आहे. "वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण काही उगाच पडलेली नाही. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. ज्या गाडीने गाठी मुंबईला जायच्या, त्याच लोहमार्गाने नाटक मंडळ्यांचे पडदे आणि पेटारे इकडे यायचे. हंगामात शेतकऱ्याच्या कनवटीला पैसा असायचा, आणि तो त्याने सावकाराकडे नेण्याआधी त्याला नाटकाला नेणं एवढंच मंडळीच्या मालकाचं काम असायचं.

अमरावतीला तर नाटकाचं वेड घरंदाज होतं. दादासाहेब खापर्डे म्हणजे टिळकांचे स्नेही, नामांकित वकील, ज्यांना लोक 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. आणि १९०५ साली मुंबईला पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं तेव्हा अध्यक्षही तेच. आता पाहा, नाटकवाल्यांचं पहिलंवहिलं संमेलन, एकाहून एक नट हयात, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर अमरावतीचा वकील! कारण एवढंच की नाटकावर त्यांचं प्रेम होतं. मामा हा दाखला वारंवार द्यायचा. "नट नसून खापर्डे अध्यक्ष झाले. मी तं नट आहो."

तिकडे खामगाव-जळगाव जामोदकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करता करता नाटकं लिहीत होते. 'वीरतनय' १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने केलं आणि पुढे नाटकांची संख्या १२ वर गेली. आज ती नाटकं फारसं कुणी करत नाही. हसतखेळत लिहिलेले 'सुदाम्याचे पोहे' मात्र टिकले आणि मराठी विनोदाचं जनकत्व त्यांच्याकडे आलं. ज्या पिकावर जीव टाकावा ते जळावं आणि बांधावरचं बोरीचं झाड लगडावं, हा अनुभव वऱ्हाडात नवा नाही.

आणि अमरावतीच्याच वीर वामनराव जोश्यांनी १९१३ साली 'ललितकलादर्श'ला नाटक दिलं. केशवराव भोसले त्यात मृणालिनी झाले. नाटकाचं नाव 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'. मामाची आई, म्हणजे माझी आजी, हे नाव मामाला हाक मारायला वापरायची.

या वामनरावांनी इंग्रजांविरुद्ध लेखणी चालवली, तुरुंग भोगला. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात १९२७ साली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. ज्यांना अंबादेवीच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांनी आपलं म्हणणं नाटकगृहात उभं राहून मांडलं. तरुणपणी मामा एकदा त्या इंद्रभुवनात जाऊन रंगमंचावर उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "जिथी मोठमोठे लोक उभे राह्यले, तिथी मी उभा राह्यलो." आजी म्हणाली, "त्यायले काही सांगायचं होतं. तुले काय सांगायचं आहे?" मामाला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे त्याला काही सांगायचं नव्हतंच. त्याला दिसायचं होतं.

अशा माणसांची सोय स्वराज्यात सरकारनेच केली. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. 'हौशी' हा शब्द सरकारी कागदावर आला आणि पुढे अमरावती-अकोल्याच्या केंद्रांवर दर साली पडदे वर जाऊ लागले. शिक्षक, तलाठी, बँकेतले कॅशियर, एलआयसीवाले अशा सगळ्यांना रात्री आठनंतर तोंडाला रंग लावायची मुभा मिळाली. मामाही लावू लागला. मामाच्या कामांची यादी मी एकदा केली होती: पहारेकरी, हुजऱ्या, जमावातला एक, पहारेकरी, पोस्टमन, प्रेत, पहारेकरी.

पण काम छोटं म्हणून मामाने ते कधी छोटं केलं नाही. एका ऐतिहासिक नाटकात तो 'दुसरा पहारेकरी' होता. भाला धरून गप्प उभं राहायचं, एवढंच काम. मामा गप्प राहिला. चेहरा राहिला नाही. महाराजांना पुत्र झाल्याची वार्ता आली, मामाच्या डोळ्यांत पाणी. फितुरी कळली, मामाच्या नाकपुड्या फुलल्या. प्रेक्षक महाराजांना सोडून मामाकडे पाहायला लागले. तिसऱ्या अंकातली लढाई पडद्याआड होती, नुसते आवाज यायचे. मामा पडद्यापुढे मेला. कुणी मारलं नाही, काही नाही. आणि मेल्यावर तोंड भिंतीकडे झालंय असं ध्यानात येताच कुशीवर वळून ते प्रेक्षकांकडे केलं.

सभागृह कोसळलं. त्या रात्रीच्या टाळ्या मामाने आयुष्यभर पुरवून वापरल्या.

आता माझी कबुली. साल १९७८. मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो आणि एका स्थानिक पत्रात नाटकांवर लिहीत होतो. अंगात विनोद नवीन होता, चावायला काहीतरी हवं होतं. मी लिहिलं: "दुसऱ्या पहारेकऱ्याने नाटकावर चोख पहारा ठेवला, अभिनयाला एकदाही आत शिरू दिले नाही." पुढे मामाचं पूर्ण नाव, आडनावासकट. पेपर आला तो दिवस मी चौकातल्या पानठेल्यावर काढला. चार जणांनी पाठ थोपटली. एकाने वाक्य पाठ म्हणून दाखवलं. ते मला दहा वेळा ऐकावंसं वाटलं.

संध्याकाळी मामा घरी आला. मी मोरीत लपायच्या बेतात. मामा म्हणाला, "छान लिहिलं लेका. आडनावात वेलांटी चुकली, पण छान लिहिलं." ते कात्रण त्याने आपल्या वहीत चिकटवलं आणि 'चोख पहारा' या दोन शब्दांखाली लाल पेन्सिलने रेघ ओढली. मला वाटलं, बिचाऱ्याला कळलंच नाही. दिग्दर्शकाला मात्र ते चांगलंच कळलं. पुढच्या वर्षीच्या नाटकात मामाचं नाव नव्हतं.

आणि पुढच्या वर्षी नाटकही नव्हतं.

कारण मामा नाही म्हटल्यावर एकेक गोष्ट उघडकीस येत गेली. शाळेचा हॉल तालमीला मिळायचा तो हेडमास्तर मामाच्या ओळखीचे म्हणून. नाटककाराचं परवानगीपत्र आणणं, परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी संहितेच्या प्रती पाठवणं, हे मामा करायचा. मुकुटांची ट्रंक मामीच्या माळ्यावर. चहाची उधारी मामाच्या नावावर. आणि पहिल्या चार रांगा? त्या आमच्या नातेवाइकांनी भरायच्या. 'आपला माणूस नाटकात आहे' म्हणून मूर्तिजापूर, दर्यापूरहून माणसं यायची आणि आपल्या माणसाच्या दोन मिनिटांसाठी तीन अंक सोसायची. महाराजांचं काम करणारा गुणी नट दहा मिनिटं आधी यायचा, रंग लावायचा, प्रमाणपत्र घ्यायचा आणि जायचा. नाटक चांगलं होतं ते त्याच्यामुळे, हे मी लिहिलंच होतं. पण नाटक होतं ते कुणामुळे, हे लिहायला मला सुचलं नव्हतं.

दोन वर्षांनी मंडळाने मामाला परत बोलावलं. पहारेकरी म्हणूनच. मामाने मानधन विचारलं नाही. प्रकाशझोत कुठून येणार तेवढं विचारलं.

तर त्या दिवाळीला आम्ही ते सहाच्या सहा भाग पाहिले. पुतण्या पोट धरून हसत होता. मामा हसला नाही. डोळे बारीक करून पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, "हे काम कोनं केलं?"

"रिक मेयॉल, आजोबा. तिकडचा फार मोठा नट."

"मोठा असनच. वाईट ॲक्टिंग इतकी चांगली कराले त्याले किती मेहनत पडली असन!" मामाने चिवड्याचा शेवटचा बकाणा भरला. "मले तं कधीच पडली नाही."

पुतण्या हसला. माझ्या घशात चिवडा अडकला. म्हणजे मामाला ठाऊक होतं. कधीपासून? मी न राहवून विचारलं, "मामा, ते ७८ सालचं कात्रण... तुम्हाला कळलं होतं?"

"बह्याड आहे काय बे मी? छापून आल्याबरोबर कळलं."

"मग चिकटवलं कशाला?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. पहारेकरी महाराजांकडे पाहतो तसं नाही. बरोबरीच्या नटाकडे पाहतात तसं.

"तुयं पहिलं छापलेलं होतं ना थे," तो म्हणाला. "तूही त्या दिवशी चौकात दिवसभर उभा होता. मी पाह्यलं होतं."

मामा गेल्यावर मामीने ती वही मला दिली. कात्रण अजून आहे, कागद पिवळा पडलाय. लाल रेघ मामाच्या नावाखाली नाहीच, हे मला ठाऊक होतं. पण कात्रणाच्या शेवटी अगदी बारीक टाइपात माझं नाव छापलंय, त्याखाली दोन रेघा आहेत. त्याच लाल पेन्सिलच्या.