'मर्गे यज्दगर्द' : विरोधयुग्मे आणि न्यायासन

इराणी नाटककार बहराम बैझाई यांचे 'मर्गे यज्दगर्द' (यज्दगर्दचा मृत्यू) हे नाटक १९७९ साली तेहरानच्या रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत इराणचा शाह देश सोडून गेला होता. परागंदा राजाची कथा त्या प्रेक्षकाला दूरची वाटण्याचे कारण नव्हते. नाटकातील घटना मात्र इ. स. ६५१ची आहे. अरब सैन्यापुढे माघार घेत गेलेला अखेरचा सासानी सम्राट तिसरा यज्दगर्द मर्वजवळच्या एका चक्कीत मारला गेला. (पारशी समाजाची यज्दगर्दी कालगणना याच राजाच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ. स. ६३२पासून सुरू होते.) चक्कीवाल्याने धनलोभाने झोपलेल्या राजाचा वध केला, हे विधान बैझाई आरंभी 'इतिहासा'च्या नावावर देतात. त्यानंतरचे सारे नाटक ही त्या विधानाची उलटतपासणी आहे.

या एका विधानात राजा/रयत, बळी/मारेकरी आणि संपत्ती/दारिद्र्य ही विरोधयुग्मे गृहीत धरलेली आहेत. चक्कीवाला, त्याची पत्नी व मुलगी सरदार आणि मोबेद यांच्यासमोर ती रात्र पुन्हापुन्हा वठवून दाखवतात. राजाची भूमिका एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पत्नीही राजा होते. एका कथनात राजाच मरण मागतो, तर दुसऱ्यात प्रेत राजाचे नसून चक्कीवाल्याचेच असल्याचा संशय उभा राहतो. दरबारी मंडळींनाही प्रेताची ओळख निश्चित पटवता येत नाही. राजेपण हा अंगभूत गुण नसून, सोस्यूरच्या परिभाषेत, केवळ भेदावर उभे असलेले मूल्य आहे, हे येथे प्रयोगाच्याच पातळीवर सिद्ध होते.

तथापि विश्लेषण येथेच थांबवणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. मिथक विरोधांमध्ये मध्यस्थी घडवते, असे लेव्ही-स्ट्रॉसचे प्रतिपादन आहे. या नाटकात विरोधयुग्मांची अदलाबदल होते. मध्यस्थी होत नाही. शिवाय एक युग्म या खेळात शेवटपर्यंत सहजी उलटत नाही: निवाडा करणारे आणि जबानी देणारे. वेषांतराचे ओझे आरोपींवर पडते, कारण जगण्यासाठी त्यांना सांगत राहावे लागते. न्यायकर्त्यांना मात्र ऐकणे पुरते.

अखेरीस अरब सैन्य येऊन ठेपते आणि निवाडा करणारेच नव्या न्यायकर्त्यांची वाट पाहू लागतात. युग्म उलटते ते असे: संरचनेच्या अंतर्गत नियमाने नव्हे, बाहेरून आलेल्या इतिहासाने. आणि तेव्हाही आसन रिकामे होत नाही, फक्त त्यावरील माणसे बदलतात. बैझाईंनी याच नाटकावरून केलेला १९८२चा चित्रपट इराणमध्ये सार्वजनिकरीत्या प्रदर्शित होऊ शकला नाही, ही घटना या संहितेबाहेरची मानावी की तिचाच पुढचा प्रवेश, हा प्रश्न संरचनावादी समीक्षेला टाळता येणार नाही.