भातामागचा वाल

दिवाळी सरली, भात झोडून झालं, की आजी शेतात जाऊन मूठभर माती दाबून बघायची. गोळा झाला म्हणजे ओल आहे. दुसऱ्या दिवशी नांगर, आणि मग वाल. त्यानंतर पाणी नाही की खत नाही, नुसत्या ओलीवर आणि दवावर पीक. खाडीकडच्या खारात हे जमत नसे, तिथं एकटा भात. आमची पनवेल तालुक्यातली दीड एकर गोडी जमीन डोंगराच्या अंगाला, म्हणून हे नशीब.

१९६५ साली खाडीपलीकडे ट्रॉम्बेला खताचा कारखाना सुरू झाला. पुढं बाबांनी युरियाची गोण आणली. भात काळंभोर झालं, आणि ऐन पोटरीत लोळलं. बाबांनी अंदाजानं मूठ जास्त मारली होती, दोष गोणीचा नव्हे. पण आजीला बोलायला मिळालं. तिनं वालाचं एक रोप ओलं उपटून मुळावरच्या बारीक गाठी दाखवल्या. एक नखानं फोडली, आत गुलाबी. "ह्यो बग खताचा कारखाना. पैसं नाय लागत, बाला."

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही भाताला तो थेट घेता येत नाही. गाठींतले जिवाणू तो पिकाला घेता येईल असा करून देतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात दाखवून दिलं. देशावरचे शेतकरी याला बेवड म्हणतात. आजीला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. अर्थात बरंचसं नत्र दाण्यातून घरात येतं. जमिनीला उरतात मुळं आणि झडलेला पाला. म्हणून भुसकट बैलांना आणि शेण परत शेतात, हा तिचा नेम.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहरासाठी धरली गेली. आमची मोजणी झाली त्या वर्षी बाबा म्हणाले, "आता कशाला पेरायचा? पुढलं भात कुणाच्या नावानं?" आजी काहीच बोलली नाही. तिनं बियाण्याचं मडकं उतरवलं.

जानेवारी १९८४ ला वालाला शेंगा धरल्या होत्या. दि. बा. पाटलांच्या हाकेवर बाबा जासईला गेले. तिथं गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच शेतकरी गेले. बाबा रात्री उशिरा, चिखलानं माखून आले. आजी ओटीवर शेंगा निवडत होती, तशीच निवडत राहिली. पुढं साडेबारा टक्क्यांची योजना आली, ती त्याच लढ्यातून.

ते वाल आम्ही काढले. त्यामागून भात लावलं नाही, मातीचा भराव पडला. आता तिथं सात मजल्यांची इमारत आहे. थंडीत गच्चीवर पोपटी लावतो. मडकं माझं, भांबुर्डा मित्राच्या गावचा, शेंगा पेणच्या बाजारातल्या.