समग्र गुणवत्ता व्यवस्थापन : उगम आणि तत्त्वे

तयार माल शेवटी तपासायचा आणि सदोष नग बाजूला काढायचे, ही गुणवत्ता राखण्याची जुनी रीत. पण नग बाजूला काढला तरी त्यावर खर्च झालेला कच्चा माल आणि श्रम वायाच जातात. मग दोष होऊच नयेत, यासाठी काय करावे?

या प्रश्नाला १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेखाने दिशा दिली. लेथवर एकाच मापाचे दांडे कापले तरी प्रत्येकाच्या मापात किंचित फरक राहतोच. तो प्रक्रियेतला नेहमीचा फरक आहे, की हत्यार झिजण्यासारख्या विशिष्ट कारणाने पडला आहे, हे या आलेखावरून ओळखता येते.

एडवर्ड्स डेमिंग यांनी यातून व्यवस्थापनाचा धडा काढला. नेहमीचा फरक कामगाराला रागावून कमी होत नाही. त्यासाठी यंत्रे, कच्चा माल, प्रशिक्षण आणि कामाची पद्धत बदलावी लागते. तो अधिकार व्यवस्थापनाचा असतो. म्हणूनच १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघाच्या निमंत्रणावरून तेथे गेल्यावर त्यांनी अभियंत्यांबरोबरच कंपन्यांच्या प्रमुखांपुढेही व्याख्याने दिली. १९५४ मध्ये जोसेफ जुरान यांनीही तेथे व्यवस्थापकांना मार्गदर्शन केले. १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली. जपानी मालाची सरशी पाहून १९८० च्या दशकात अमेरिकेनेही हा विचार स्वीकारला.

याची प्रमुख तत्त्वे लक्षात ठेवा :

१. ग्राहकाची गरज हाच निकष. कारखान्यातला पुढचा विभागही आपला ग्राहकच.
२. वरिष्ठांची बांधिलकी आणि सर्वांचा सहभाग.
३. अंदाजाऐवजी आकडेवारीवर निर्णय.
४. प्रक्रियेत सतत सुधारणा.

आता भारताकडे पाहा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये, म्हणजे डेमिंग यांच्या जपानमधील व्याख्यानांच्याही आधी, आपल्याकडे आले होते. भारतीय कंपनीला डेमिंग पारितोषिक मात्र प्रथम १९९८ मध्ये मिळाले. ती चेन्नईची सुंदरम-क्लेटन. तंत्राची ओळख होणे आणि सगळ्या संस्थेने ते अंगी बाणवणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या दोन वर्षांवरून दिसते. वरील चार तत्त्वांपैकी कोणते अमलात आणणे सर्वांत अवघड, याचे उत्तर सकारण लिहून पाहा.