मेणबत्ती, परात आणि पेला

परातीत बोटभर पाणी घ्यावे, मधोमध मेणबत्तीचा तुकडा उभा करून पेटवावा आणि त्यावर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत थोडा वेळ तेवते, बारीक होते, विझते. आणि परातीतले पाणी पेल्यात चढते. शाळेची पायरी चढलेल्या माणसाला हा प्रयोग ठाऊक नाही, असे क्वचितच घडेल. घरात न मिळणारी एकही वस्तू त्याला लागत नाही. प्रयोगाखाली लिहायचे अनुमानही पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आलेले आहे : ज्योतीने पेल्यातला सगळा प्राणवायू वापरला, त्याची रिकामी जागा पाण्याने भरली, म्हणून हवेत एक-पंचमांश प्राणवायू असतो.

प्रयोग खरा आहे. अनुमान मात्र चुकीचे आहे. पंचमांश ही गोष्ट खरी, परंतु ती या प्रयोगाने सिद्ध होत नाही. मग इतक्या साध्या प्रयोगावर इतके चुकीचे वाक्य येऊन बसले तरी कसे? ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास फिलो नावाचा एक ग्रीक यंत्रकार होऊन गेला. हवेच्या करामतींविषयी त्याने एक ग्रंथ लिहिला. त्यात जळत्या वातीवर पालथे घातलेले भांडे आणि त्यात वर सरकणारे पाणी यांचे वर्णन आहे. अग्नी हवेचा काही भाग खाऊन टाकतो, असे त्याने ठरवले. म्हणजे आपला हा प्रयोग दोन हजार वर्षांहून जुना, आणि त्याचा ढोबळ अर्थही जवळजवळ तितकाच जुना.

पुढे ऑक्सफर्डच्या जॉन मेयो या वैद्याने तो हाती घेतला. त्याचे पुस्तक १६७४ साली निघाले. पेटलेल्या वातीवर भांडे घातले की आत गरम हवा कोंडली जाते आणि निष्कर्ष बिघडतो, ही अडचण लक्षात घ्यायला हवी होती. मेयोने भांड्यात कापूर ठेवला आणि बाहेरून भिंगाने सूर्याचे किरण त्यावर धरून तो पेटवला. भांडे आधी पालथे, ज्योत नंतर! देव्हाऱ्यातला कापूर आणि एक भिंग, एवढ्यावर त्याने हवेविषयी मोलाचे सिद्धांत मांडले. चाळिशीही न गाठता तो वारला आणि त्याचे काम बराच काळ मागे पडले.

१७७४ साली इंग्लंडात प्रीस्टलीने एक नवा वायू वेगळा काढला. स्वीडनमध्ये शेलेला तो स्वतंत्रपणे सापडलाच होता. फ्रान्समध्ये लाव्हाझिएने त्याचे खरे स्वरूप ओळखले आणि त्याला ऑक्सिजन हे नाव दिले. लाव्हाझिएने मेणबत्तीच्या भरवशावर मोजमाप केले नाही. त्याने बंद हवेत पारा बारा दिवस तापत ठेवला, मग सारे पुन्हा थंड होऊ दिले आणि तेव्हा मोजले. ५० घनइंच हवेची ४२ ते ४३ घनइंच उरली. त्या उरलेल्या हवेत दिवा विझे आणि प्राणी गुदमरत. ‘थंड होऊ दिले’ हे तीन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. शाळेच्या पुस्तकांत मेणबत्ती आली, पंचमांश आला. हे तीन शब्द तेवढे वाटेत गळून पडले.

आता परातीकडे पुन्हा पाहू. ज्योत जळत असेतो पाणी जेमतेम हलते. ती विझताच ते भरभर चढते. प्राणवायू तर ज्योत जळताना खर्च होतो, मग पाण्याने विझण्याची वाट का पाहावी? दुसरे असे, की एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी अधिक उंच चढते. पेला तोच, हवा तेवढीच. मग तीन मेणबत्त्यांसाठी जास्तीचा प्राणवायू आला कोठून? उत्तर उष्णतेत आहे. ज्योतीमुळे हवा तापून फुगते आणि तिच्यातली काही पेल्याबाहेर जाते. केव्हा केव्हा काठाशी बुडबुडेही दिसतात. ज्योत विझली की आतली हवा निवते, आकसते, जळताना झालेली वाफही काचेवर धरते. आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. प्राणवायू तर पुरता संपतही नाही. तो हवेत शेकडा २१ असतो. शेकडा १६ च्या आसपास उतरला की मेणबत्ती हाय खाते. शिवाय जो खर्च होतो त्याच्या जागी कर्बवायू तयार होतो, तो पाण्यात चटकन विरघळत नाही.

हे सारे उमगायला प्रयोगशाळा लागली नाही. आणखी दोन मेणबत्त्या लागल्या. घरगुती साहित्याचे मोल येथे आहे. ‘गरिबाघरची सोय’ म्हणून आपण त्याची कीव करतो. पण कपाटात कुलूपबंद असलेल्या उपकरणाला मूल हात लावू शकत नाही, मग त्यात फेरफार कोठून करणार? पेला लहान घ्यावा, मोठा घ्यावा, मेणबत्त्या वाढवाव्यात, एवढी मोकळीक मिळाली की प्रश्न आपोआप सुटे होतात.

हे मर्म मायकेल फॅरडेने जाणले होते. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीचे काम शिकता शिकता बांधायला आलेली पुस्तके वाची आणि परवडतील तेवढे प्रयोग करी. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, १८६०च्या नाताळात, त्याने मुलांपुढे नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या धुराला दोन-तीन इंचांवरून जळती काडी लावली की ज्योत धुरातून उतरून पुन्हा वातीवर बसते, हे त्याने दाखवले. जळते ते मेणाची वाफ, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या कितीतरी शाळा बेचिराख झाल्या. तेव्हा लंडनमधील स्टीफन्सन नावाच्या शिक्षकाने अशा शाळांतील विज्ञानशिक्षकांसाठी एक लहानसे पुस्तक लिहिले. ते १९४८ साली युनेस्कोने काढले. त्यातूनच १९५६ साली युनेस्कोचा विज्ञानशिक्षणाचा मोठा ग्रंथ उभा राहिला आणि अनेक भाषांत गेला. डबे, बाटल्या, दोरा यांतून साधने करायला त्याने जगभरच्या मास्तरांना शिकवले.

आपल्याकडे १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याला नर्मदापुरम म्हणतात) सोळा शाळांपासून असाच उपक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. मुलांनी प्रयोग करून ती काढायची. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. शंका असल्यास ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाला पत्र लिहावे आणि त्याचे उत्तर यावे! पुण्याच्या टेल्कोतील तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली तेथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे व आगकाड्या यांतून भूमितीच्या आकृत्या करू लागले. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या विज्ञानकेंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. होशंगाबादचा उपक्रम मात्र सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचल्यावर २००२ साली सरकारी आदेशाने बंद झाला.

तो बंद होण्याची कारणे काहीही सांगितली जावोत, मूळ अडचण आम्हा मास्तरांना ओळखीची आहे. ज्या वर्गात उत्तर मुलाच्या हातून निघते, तेथे मास्तराला आणि पुस्तकाला खोटे ठरण्याची तयारी ठेवावी लागते. एखाद्या मुलीने घरी तीन मेणबत्त्या लावून पाहिल्या आणि उत्तरपत्रिकेत लिहिले, ‘पाणी पंचमांशापेक्षा जास्त चढले’, तर तिला गुण द्यायचे की कापायचे? पाठ केलेल्या वाक्याला पूर्ण गुण आणि पाहिलेल्या गोष्टीला शून्य, असा हिशेब जोवर चालतो, तोवर घराघरांत मेणबत्त्या असून उपयोग काय?

दिवाळीत मेणबत्त्या आणि पेले घरात असतातच. मोठ्यांपैकी कोणी जवळ बसावे आणि मुलांना परात मांडू द्यावी. पाणी किती चढले ते त्यांनीच मोजावे, आणि जे दिसले तेच वहीत लिहावे. पुस्तक नंतर उघडता येईल.