‘ग्रिफाँ’चा जलप्रवास

सरोवर म्हटलें कीं संथ तळें डोळ्यांपुढें येतें; अमेरिकेंतील ईरी व ह्युरॉन तशीं नव्हेत. ७ ऑगस्ट १६७९ रोजीं नायगाराच्या वरच्या अंगास ‘ग्रिफाँ’ गलबतानें शिडें उभारलीं. एवढें मोठें गलबत या पाण्यावर पूर्वीं आलेलें नव्हतें. त्याचा फ्रेंच मालक ला साल कर्जांत बुडालेला. बीव्हरच्या कातड्यांवर त्याची सारी भिस्त. उन्हाळी वाऱ्यावर तीन दिवसांत ईरी सरोवर मागें पडलें. ह्युरॉनवर मात्र तुफानानें गाठलें. सारे प्रार्थनेस लागले. सुकाण्या तेवढा, जन्मभर समुद्र गाजवून शेवटीं गोड्या पाण्याच्या तळ्यांत मरावयाचें काय, म्हणून मालकाला शिव्या मोजीत होता! बरोबरच्या हेनेपिन पाद्र्यानें हें लिहून ठेविलें आहे. त्या खेपेस गलबत तरलें. ग्रीन बेच्या तोंडाशीं कातडीं भरून १८ सप्टेंबरला तें परत निघालें. ला साल मागें राहिला, सुकाण्या गेला. गलबत पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं.