शब्दसाहचर्य, वर्गाध्यापनातील
एक शब्द ऐकताच दुसरा सुचतो, या प्रक्रियेचे मापन ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांनी १८७९ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून प्रसिद्ध केले. ७५ शब्दांची यादी चार वेळा घेता ६६० सेकंदांत ५०५ कल्पना सुचल्या. मात्र त्यांत पुनरावृत्ती बरीच आढळली. शालेय शब्दखेळांची अडचणही हीच होय. ‘सुई’ म्हणताच ‘दोरा’ म्हणणारे मूल आठवते, विचार करतेच असे नाही. आल्फ्रेड बीने व तेओदोर सीमाँ यांच्या १९०५ च्या श्रेणीत माशी व फुलपाखरू यांतील फरक विचारला आहे. तेथे संबंध शब्दांत मांडावा लागतो. महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षेतील ‘गटात न बसणारा शब्द’ हा प्रश्न याच वळणाचा. परंतु पर्याय निवडण्यामागील कारण उत्तरपत्रिकेत उमटत नाही, ते शिक्षकाला तोंडीच काढून घ्यावे लागते.